मुलींनी माफी मागू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात कॉलेजात शिकणाऱ्या तीन मुलींनी नाट्यछटा केल्या. त्यामुळे भजनी मंडळातल्या महिलांच्या भावना दुखावल्याची बातमी आपल्या अंकात आली. मुलींनी जाहीर माफी मागावी, ही मागणीही आपण छापलीत. मुलींचे म्हणणे मात्र त्यात कुठे दिसले नाही. मी त्याच भजनी मंडळात बावीस वर्षे आहे आणि त्या रात्री दुसऱ्या रांगेत बसले होते, म्हणून हे पत्र.

पहिल्या छटेतली बाई डोळे मिटून विठ्ठलाला आळवते आणि दोन कडव्यांच्या मध्ये स्वयंपाकघराकडे तोंड करून 'पोळ्यांना तूप बेतानं लाव गं' म्हणते. दुसरी अन्नदानाचे ताट पुढे करते, पण फोटो मनासारखा येईपर्यंत ताट हातातून सोडत नाही. घेणारी म्हातारी दोन्ही हात पसरून तशीच उभी. तिसरी उत्सवाला ११,००० रुपये देते, माइकवरून स्वतःचे नाव दोनदा पुकारायला लावते आणि घरी येऊन कामाच्या बाईचे चार खाडे कापते. मांडव आधी खूप हसला. मग ओळखी पटू लागल्या आणि पुढच्या खुर्च्या गप्प झाल्या.

मुलींचे एक मला पटले नाही. तिसऱ्या छटेत त्यांनी त्या बाईच्या अंगाची आणि हिंदीमिश्रित मराठीची नक्कल केली. इंदुरात तीन-चार पिढ्या काढल्यावर आपल्या सगळ्यांच्याच बोलण्यात हिंदी येते, त्यात ढोंग कसले? शिवाय ती छटा ज्यांच्यावर बेतली असे सगळे म्हणतात, त्यांनी एका गरीब मुलीची नर्सिंगची फी कुणाला कळू न देता भरली आहे. मला ते ठाऊक आहे. हे मी मुलींना समोर बसवून सांगितले आणि त्यांनी ऐकून घेतले. पण चार खाडे कापले गेले, हेही तितकेच खरे आहे. ती बाई माझ्याकडेही भांडी घासते. त्या चार दिवसांत तिची मुलगी डेंग्यूने आजारी होती.

मुलींनी दाखवले त्याहून वाईट जे घडते, ते त्यांनी पाहिलेलेच नाही. ते मी पाहिले आहे, नव्हे, केलेही आहे.

आमच्या मंडळात पेटी वाजवणाऱ्या एक बाई आहेत. शाळेतून निवृत्त झाल्या, यजमान जाऊन सहा वर्षे झाली. मंडळातल्या निम्म्या जणींना सूर धरायला त्यांनीच शिकवले. गेल्या संक्रांतीला एका मोठ्या घरी हळदीकुंकू होते. आधी भजन झाले. पेटी अर्थातच बाईंची. मग यजमानीणबाई चांदीचा करंडा घेऊन उठल्या, त्यांच्या मागे अत्तरदाणी, गुलाबदाणी, तिळगूळ आणि शेवटी वाणाचे स्टीलचे डबे. करंडा बाईंच्या समोर आला, क्षणभर थांबला आणि शेजारणीकडे गेला. बाईंनी मान खाली घातली, पेटीचा भाता मिटला आणि कडी लावली. लावलेली कडी त्यांनी पुन्हा एकदा काढून लावली. यजमानीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, 'तुम्ही फराळ केल्याशिवाय जायचं नाही हं.' अत्तरदाणी माझ्या हातात होती. मीही बाईंना ओलांडून पुढे गेले.

त्याच दिवाणखान्यात देवी अहिल्याबाईंची मोठी तसबीर आहे. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला ३०० वर्षे झाली, तेव्हा आमच्या मंडळानेही तिला हार घातला होता. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे यजमान खंडेराव पडले. त्यानंतर अहिल्याबाई ४१ वर्षे जगल्या आणि त्यातली २८ वर्षे त्यांनी राज्य चालवले. राजवाड्यासमोर ज्यांच्या पुतळ्यापुढे आपण हात जोडतो, ज्यांची पालखी अहिल्योत्सवात मिरवतो, त्या विधवा होत्या. त्या आज या दिवाणखान्यात येऊन बसल्या असत्या तर करंडा त्यांनाही ओलांडून पुढे गेला असता.

संस्कृती जपायची म्हणून हे चालते, असे मला सांगितले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद केले. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे म्हणून परिपत्रक काढले. आपण मध्य प्रदेशात, आपल्याला ते परिपत्रक लागू नाही. पण जिथून आपण संस्कृती आणली म्हणतो, तिथली खेडी बदलली आणि आपण बंगले बांधून होतो तिथेच राहिलो.

देवाचे नाव घेणाऱ्या बायकांची टिंगल झाली, असे मंडळाचे म्हणणे आहे. टिंगल देवाच्या नावाची नव्हती. मुलींनी माफी मागू नये आणि आपण त्यांचे म्हणणे छापावे, ही विनंती.

येत्या संक्रांतीचे हळदीकुंकू मी माझ्या घरी करणार आहे. पहिले बोलावणे करायला परवा बाईंकडे गेले होते. गेल्या संक्रांतीबद्दल हात जोडून क्षमा मागितली. त्यांनी चहा केला, मुलींची चौकशी केली. बोलावण्याचे मात्र 'बघू' एवढेच म्हणाल्या. मी पुन्हा जाणार आहे.

माझ्या नावावरून बाईंची ओळख पटेल, म्हणून नाव छापू नये.

आपली,
भजनी मंडळातली एक सभासद, इंदूर