ठिबकच्या यंत्रांचे बूट होणे आणि बॅटरी

महोदय,

मराठवाड्यात ठिबकचे स्वयंचलित नियंत्रक आणि छोटी हवामान केंद्रे घेताना किंमत व मोबाइल ॲप यांचीच चौकशी होते. यंत्र चालू होऊन कामाला लागायला, म्हणजे बूट व्हायला, किती वेळ लागतो आणि ते किती वीज खाते, हे निविदेतही क्वचितच विचारले जाते. यांपैकी काही यंत्रांतील सर्किट बोर्डावर लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली चालते. असा बोर्ड अखंड चालू राहून 3 वॅट घेत असेल, तर दिवसाला 72 वॅट-तास लागतात आणि 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीत जेमतेम 84 असतात. म्हणजे श्रावणात दोन दिवस आभाळ राहिले की नोंदी थांबल्याच, आणि फळपीक विमा हवामानाच्या आकड्यांवर ठरतो.

यावर उपाय म्हणून यंत्र बंद ठेवून दर दहा मिनिटांनी चालू करतात. पण नोंद पाठवायला 5 सेकंद आणि बूट व्हायला 40 सेकंद लागत असतील, तर दिवसाला 5.4 वॅट-तास खर्च होतात. बूट 5 सेकंदांवर आणले, तर हाच खर्च 1.2 वर येतो. बॅटरीवरच्या यंत्रात बूटचा वेळ हा विजेचाच हिशेब असतो.

हा वेळ बहुधा निष्काळजीपणात जातो. बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, कोणी कळ दाबेल म्हणून काही सेकंद थांबतो, जणू बांधावर कीबोर्ड घेऊन कोणी बसले आहे. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश 115200 बॉड वेगाच्या सीरियल कन्सोलवर (तपासणीसाठीच्या जोडणीवर) सेकंदाला सुमारे साडेअकरा हजार अक्षरांच्याच वेगाने जातात, त्यामुळे चाळीस हजार अक्षरांना साडेतीन सेकंद लागतात. कर्नलला 'क्वाएट' (गप्प राहा) हा एक पर्याय दिला की यातला बहुतेक वेळ वाचतो. सर्वांत वाईट म्हणजे मोबाइल नेटवर्क मिळेपर्यंत मोजमापच सुरू न करणारी रचना. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात रेंज नसेल, तिथे अशी यंत्रे नुसती वाट पाहत बॅटरी संपवतील. नोंद आधी साठवून नंतर पाठवणे मुळीच अवघड नाही.

केवळ व्हॉल्व्ह उघडझाप करायचा असेल, तर लिनक्स हवेच कशाला? मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, काही मिलिसेकंदांत चालू होतो आणि झोपेत मायक्रोअँपिअरमध्ये वीज घेतो. कॅमेरा किंवा अवजड प्रक्रिया असेल, तेथे लिनक्स शोभते.

कृषी विभागाने व शेतकरी उत्पादक कंपन्यांनी खरेदीपूर्वी दोन आकडे लेखी मागावेत: वीज दिल्यापासून पहिल्या नोंदीपर्यंतचे सेकंद आणि रेंज नसतानाचा दिवसभराचा वॅट-तासांतील खर्च. हे आकडे जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनातील प्रयोगशाळेतून तपासून घेता येतील.

आपला,
एक इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, जालना