निर्यातबंदी आणि खळ्यांवरील मजूर

महोदय,

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी आणि मे २०२४ मध्ये ती उठवतानाही पुन्हा शुल्क, या धरसोडीची चर्चा बहुधा शेतकऱ्याच्या भावापाशीच थांबते. लासलगाव-पिंपळगाव परिसरातील खळ्यांवर (व्यापाऱ्यांच्या माल निवडून भरण्याच्या जागांवर) कांदा निवडणाऱ्या, गोण्या भरणाऱ्या स्त्रियांची मजुरी मात्र मालाच्या उठावावर अवलंबून असते. निर्यात थांबली की काम घटते आणि किराणा दुकानातील उधारी वाढते. शेतकऱ्यांसाठी निदान आंदोलने होतात (ती व्हायलाच हवीत), पण रोजंदारीवरील या स्त्रियांची बहुधा कोठे नोंदच नसल्याने त्यांच्या भरपाईचा विषयही निघत नाही. शहरी ग्राहकाला दिलासा देण्यासाठी बंदी घालायचीच असेल, तर त्या काळात या परिसरात रोजगार हमीची कामे प्राधान्याने सुरू करावीत.

– एक वाचक, निफाड