तुमच्या त्या पिवळ्या रकान्यासाठी

प्रिय ताई,

आपली भेट झालीच नाही. मदतकार्याच्या माहितीचं काम सोडून तुम्ही गुरुवारी निघालात, त्याच जागी मी सोमवारी रुजू झाले. येताना पोटात गोळा होता, कारण आधीच्या नेमणुकीत हस्तांतरण म्हणून मला नुसता एक लॅपटॉप मिळाला होता. त्यात 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल हीच वापरा' अशा तीन फायली. कोबोचं, म्हणजे पाहणीची माहिती गोळा करायच्या ॲपचं, खातं गेलेल्या माणसाच्या खासगी मेलवर. फोन केला तर "मी आता तिथे नाही," एवढंच उत्तर. त्या पंधरवड्यात एका वस्तीला दोन संस्थांकडून ताडपत्र्या गेल्या आणि शेजारची वस्ती पावसात भिजत राहिली. तो राग अजून गेलेला नाही.

तुमच्याकडे सगळं जागच्या जागी होतं. पण मला बोलायचंय ते 'कोण, काय, कुठे'च्या, म्हणजे कोणती संस्था कुठे काय मदत देते त्या, तक्त्यातल्या शेवटच्या पिवळ्या रकान्याबद्दल. तिथे तुम्ही लिहिलं होतं: 'ही एकाच नावाची दोन गावं आहेत. पहिल्या आठवड्यात मी ती एकच धरली. पी-कोड (प्रत्येक ठिकाणाचा वेगळा कोड) बघून ओळी वेगळ्या केल्यात, पण आधीच्या अहवालात आकडा चुकीचा गेलाय. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.'

कुणी विचारलं तर माझं नाव सांगा! निघता निघता असं कोण लिहितं, ताई? मी ती ओळ तीनदा वाचली.

तिसऱ्याच दिवशी समन्वय बैठकीत तो आकडा निघाला. दुरुस्ती माझ्यासमोर होती, विषय पाच मिनिटांत मिटला. तुमचं नाव घ्यायची वेळच आली नाही. ती ओळ नसती तर चुकीच्या आकड्यावरच मी पुढची धान्याची मागणी लावली असती.

क्लस्टर पद्धत, म्हणजे मदत संस्थांनी निवारा, अन्न असे विषयवार गट करून काम वाटून घेणं, २००५ पासून आहे, तक्ते आहेत, कोड आहेत. पण ते सांभाळणारा माणूस कित्येकदा दोन-तीन महिन्यांत बदलतो, आणि फायलीत न उतरलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. तुम्ही मात्र मागून येणाऱ्या अनोळखी माणसाची काळजी केलीत. अशी सरळ माणसं भेटली की या कामातला शीण उतरतो. मनापासून आभार.

पुढच्या महिन्यात मीही निघतेय. पिवळा रकाना तसाच ठेवलाय. तुमच्या ओळीखाली माझ्या दोन चुका लिहिल्यात, आणि माझा फोन नंबर.

तुमची,
तुमच्यानंतर आलेली