आभार मानेन, पण कुणाचे ते मी ठरवीन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरगुती हिंसेतून बाहेर पडलेल्या बायकांनी 'कृतज्ञतेची डायरी' लिहावी, असा सल्ला देणारा लेख वाचला. मी स्वतः त्यातून गेलेली बाई आहे आणि अशी वही लिहितेही, म्हणून हे पत्र. लिहिणाऱ्या ताईंच्या हेतूबद्दल शंका नाही. पण 'ज्याने दुखावलं त्याच्यातलंही काही चांगलं शोधा आणि त्याचेही आभार माना' असं त्या लिहितात, तिथे मी अडले.

हा सल्ला मला लग्नापासून मिळत आलाय. "पितो, पण पगार घरात देतो ना?" "हात उचलतो, पण बाहेर कुठे लफडं नाही, नशीब समज." माहेरी 'दिल्या घरी सुखी राहा' ठरलेलंच. आणि सासरचं वाक्य म्हणजे, "ठेवून घेतलंय घरात, उपकार मान." हे शेवटचं मी इतक्यांदा ऐकलं की मला ते खरंच वाटायला लागलं होतं. मार खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी शिरा करायची मी. राग शांत झाला याचेच आभार!

घर सासऱ्यांच्या नावावर, तेव्हा तुझा काय संबंध, असंही ऐकवलं जायचं. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. ज्या घरात बाई संसार करते तिथे राहायचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो, असं त्याच्या १७ व्या कलमात लिहिलंय. सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराचं काय, यावर बरीच वर्षं घोळ होता. २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला आणि असं घरही त्यात धरलं. विधी सेवा समितीच्या वकीलबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा : म्हणजे मला ठेवून घेतलं नव्हतं? त्या हसल्या नाहीत, हे मी वहीत लिहून ठेवलंय.

लेखात २००३ सालच्या अमेरिकी प्रयोगाचा दाखला आहे. मुलीने मोबाइलवर शोधून मला वाचून दाखवला. इमन्स आणि मॅक्कलो या दोघांनी तो केला. त्यात कॉलेजची मुलं होती आणि स्नायूंच्या आजाराचे रुग्ण होते. लिहिणाऱ्यांना बरं वाटलं, ते खोटं नाही. पण त्या मुलांच्या दाराला संध्याकाळी किल्ली लागल्याचा आवाज आला की पोटात गोळा येत नव्हता. आधी बाईच्या जिवाचा धोका टळू द्या, वहीचं मग बघू.

आणि वही ठेवायची कुठे? लेख म्हणतो, उशाशी. अहो, ज्या घरात नवरा बाईची पर्स उलटी करून बघतो, फोन हातातून ओढून घेतो, तिथे उशाशी ठेवलेली वही त्याच रात्री वाचली जाते. 'आज शेजारच्या काकूंशी बोलून बरं वाटलं' एवढं एक वाक्य मार खायला पुरतं. अजून त्या घरात असलेल्या कुणा बहिणीने लेख वाचून वही घातली असेल, तर माझं हात जोडून सांगणं आहे, आत्ता लिहू नका. मनात ठेवा.

मी लिहायला लागले ती वेगळी खोली घेतल्यावर. कराडात ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. मापाची वही असते ना, छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर, पुढचा गळा, मागचा गळा, तिच्याच मागच्या पानांवर सुरुवात केली. डायरी विकत आणायची लाज वाटत होती. सुरुवातीला चांगलं काही सुचायचं नाही. काही पानांवर नुसत्या शिव्या आहेत. त्या मी खोडल्या नाहीत.

मग माणसं आठवायला लागली. शेजारच्या काकूंनी माझी पिशवी त्यांच्या गव्हाच्या डब्यामागे ठेवून घेतली होती. आत रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलीचा जन्मदाखला, बँकेचं पासबुक, दोन साड्या. पिशवीत काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही, की कुणाला सांगितलं नाही. सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर. नवरा सोबत होता, 'बाथरूममध्ये पडली' म्हणून तोच सांगत होता. सिस्टरनी त्याला बाहेरच्या मेडिकलमधून क्रेप बँडेज आणायला पिटाळलं, पडदा ओढला आणि हळूच म्हणाल्या, "बाथरूमच्या फरशीला बोटं असतात का गं?" दंडावर चार बोटांचे वळ उठले होते. मी रडले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी केसपेपरवर 'पतीने मारहाण केल्याचे रुग्ण सांगते' असं लिहिलं. पुढे कोर्टात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती ही ओळ. सिस्टर हे कुठे शिकल्या कोण जाणे. पण हिंसेची शंका आली की बाईला एकटीला गाठून विचारायचं, हे काम दवाखान्याने आपलं मानावं, असा प्रयत्न आपल्याकडे मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्राने २००० सालीच सुरू केला, हे मला नंतर कळलं.

पिकोवाल्या मावशी. स्वतःचं मशीन दुपारी मला वापरायला द्यायच्या आणि विजेचे पैसे घ्यायच्या नाहीत.

ही नावं लिहिताना माझ्यात काय झालं ते सांगते. मारणारा माणूस नुसता मारत नाही. 'तुझं कुणी नाही' हे तो रोज डोक्यात भरतो. माहेर तोडतो, मैत्रिणी तोडतो, मग म्हणतो, बघ, आलं का कुणी? घर सोडल्यावर मार थांबला, पण हे वाक्य माझ्याबरोबर खोलीत राहायला आलं होतं. वहीतलं एकेक नाव म्हणजे त्या वाक्याविरुद्धचा एकेक साक्षीदार. पान भरत गेलं तशी झोप यायला लागली. खाली स्कूटर थांबली की अंग अजून ताठ होतं, पण आता ते पुन्हा सैलही पडतं. कृतज्ञतेने मला काही दिलं असेल तर ते हे. नवऱ्याचं त्यात नाव नाही आणि यायचंही नाही. "माफ केलंस का?" असं लोक विचारतात. तो हिशेब मी मापाच्या वहीत घेत नाही.

कायद्याचेही आभार मानायचे का? अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं त्यात लिहिलंय. माझ्या वेळी मधे दिवाळ्या येऊन गेल्या. अखेर खोलीचं भाडं नवऱ्याने द्यावं असा आदेश झाला. तो माझा हक्क होता, त्यासाठी मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण तारखेला माझ्याबरोबर येऊन बाकावर बसणाऱ्या, याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकारी बाईंनी एकदा आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. त्या भाकरीचे आभार मानले आहेत.

आता माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल. वैशाखाच्या उन्हात एखादी म्हणते, "बाही कोपराच्या खाली घ्या." फॅशन असेल म्हणून मी सोडून देते, पण माप घेताना टेप दंडावर आला की ती आक्रसते. तेव्हा मी काही विचारत नाही. फक्त माप बोलता बोलता म्हणते, एकशे एक्क्याऐंशी नंबर लक्षात ठेवायला सोपा आहे नाही? तो महिला हेल्पलाइनचा नंबर. लिहून देत नाही, बिलाच्या पाठीमागेही नाही. काही जणी नुसत्या बघतात. एक म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चौघींतल्या एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि देशभरात मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या शंभर जणींपैकी मदत मागितली ती चौदा जणींनी. उरलेल्या शहाऐंशींच्या हातातही कधी ना कधी तुमचा पेपर पडत असणार.

म्हणून एक विनंती. असा लेख छापाल तेव्हा सोबत छोटी चौकट द्या : महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, आणि बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो ही एक ओळ. चौकट लेखाच्या पानावर नको, शब्दकोड्याच्या पानावर द्या. ते पान घेऊन बाई बसली तर घरात कुणाला संशय येत नाही.

आपली,
एक वाचक, कराड
(नाव कृपया छापू नये.)