टॉवरवाला फ्लॅट अन् तारेखालचा प्लॉट

मानेवाडा, नागपूर
रविवार दुपार

संज्या,

फोनवर तू मधात मधात बोलतो म्हणून लिहूनच काढतो. समोर मोबाईलचा टॉवर आहे, कॅन्सर होईल म्हणून चांगला फ्लॅट सोडला अन् बेसा भागातला स्वस्त प्लॉट घेऊन राहिला, ज्याच्या वरून हायटेन्शन लाईन जाते? उलटं करून राहिला बे तू.

आमच्या समोर टॉवर लागला तेव्हा मीपण घाबरलो होतो, पोरीची खोली त्याच बाजूला. मग वाचत बसलो. डब्ल्यूएचओची कॅन्सरवाली संस्था आहे ना, आयएआरसी, तिनं २०११ मध्ये मोबाईलच्या लहरी '२बी' गटात टाकल्या, म्हणजे कॅन्सर होते याचा पुरावा तोकडा आहे पण शंका मिटली नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे, सांग आता. एक्स-रेसारखी डीएनए तोडायची ताकद या लहरींत नसते, टॉवरचा झोत पण आडवा जातो म्हणून बरोबर खाली कमीच असतो, अन् आपल्याकडं २०१२ मध्ये टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली होती. टॉवर काढला तर रेंज जाईल, मग फोनच जास्त जोर लावेल, तोही कानाला चिकटून!

लाईनचं मात्र मला थोडं खटकते. १९७९ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला तारांजवळ राहणाऱ्या पोरांत ब्लड कॅन्सर जास्त दिसला होता. २००० मध्ये बऱ्याच देशांचे आकडे एकत्र केले तर ज्या घरांत तारांचं चुंबकीय क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर होतं तिथं धोका साधारण दुप्पट निघाला. अशी घरं फार थोडी, आजारही मुळात दुर्मिळ, अन् तारेमुळंच होते हे काही सिद्ध झालं नाही, पण २००२ पासून तेही २बीतच आहे. त्यात संक्रांतीला पोट्टे गच्चीवर पतंग उडवतील अन् वर त्या तारा, म्हणजे कॅन्सरपर्यंत जायचीही गरज नाही. मी तर नसता घेतला.

हो, अन् आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधे टॉवरवर सगळ्यात जास्त ओरडणारे काका पूर्ण वेळ पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होते. सुपारी अन् तंबाखू दोन्ही गट १ मध्ये आहेत बाप्पा, तिथं शंकाबिंका काही नाही, पक्कं. मला तर काकांपेक्षा तूच आठवला. वहिनीला सांगितलं नाही अजून की तू परत सुरू केला.

टोकन दिलं नसशील तर थांब. शनिवारी चंद्रपूरहून सकाळच्या गाडीनं निघ, फ्लॅट परत पाहून घेऊ, जेवण आमच्याकडंच. पन्नी तिकडंच ठेवून ये.

तुझाच,
बाळ्या