धरणांच्या घाटातून

बर्मिंगहॅम, रविवार

तीर्थस्वरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल दिवसभर माझा फोन लागला नाही म्हणून आई रागावली आहे, हे दादाकडून समजले. मी मध्य वेल्समधल्या डोंगरांत सायकल चालवत होते आणि तिथे मैलोन्‌मैल फोनला रेंज नसते. मी एकटी नव्हते, मैत्रीण बरोबर होती आणि तिच्याच गाडीवर सायकली बांधून आम्ही पहाटे निघालो होतो, हे आधी सांगून टाकते.

आई, तू इथे राहायला आली होतीस तेव्हा तूरडाळ दोन शिट्ट्यांत गळली म्हणून तुला नवल वाटले होते आणि हे पाणी कुठले, असे तू विचारले होतेस. ते पाणी एलान खोऱ्यातल्या धरणांतून येते आणि फार मृदू असते. काल आम्ही तिथेच गेलो होतो.

सुरुवात रेयाडर या लहानशा गावातून केली. धरणे बांधताना दगड वाहून नेण्यासाठी टाकलेल्या रेल्वेच्या मार्गावर आता सायकलींची वाट आहे, त्यामुळे पहिले काही मैल चढ जाणवतच नाही. काबान कोख धरणाच्या भिंतीवरून पाणी सांडत होते आणि त्याचे तुषार वाटेपर्यंत येत होते. थोडे वर, काठाशी, फोएल नावाचा घुमटाचा दगडी मनोरा आहे. बर्मिंगहॅमचे पाणी तिथून उचलतात. बाबा, हे खास तुमच्यासाठी लिहिते : तिथून शहरापर्यंतचे अंतर सुमारे 118 किलोमीटर आणि एकूण उतार जेमतेम 52 मीटर, म्हणजे साधारण 2300 ला 1, आणि एवढ्यावर ते पाणी एकही पंप न लावता सुमारे दीड दिवसात शहरापाशी पोहोचते. काम 1893 मध्ये सुरू झाले आणि 1904 मध्ये राजा सातव्या एडवर्डने त्याचे उद्‌घाटन केले. पाटबंधारे खात्यात सारी नोकरी काढलेल्या माणसाने हे पाहायलाच हवे, असे तिथे उभी असताना सारखे वाटत होते.

या पाण्याखाली घरे, चर्च आणि शाळा गेली. सुमारे शंभर माणसांना उठावे लागले आणि भरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना. कुळांच्या हाती काही पडले नाही. कोयनेच्या पाण्यात गेलेल्या माहेराबद्दल आजी बोलायची ते मला तिथे आठवले. डाळ लवकर शिजते त्याची किंमत कोणी मोजली, हे आता मला विसरता येणार नाही.

क्रेग गोख या सर्वांत वरच्या धरणापुढे एलान नदीवरचा पूल ओलांडून आम्ही कूम-अस्टविथच्या रस्त्याला लागलो. इथे खरी उजाडी सुरू होते. झाड नाही, घर नाही. पिवळट गवत, मेंढ्या आणि समोरून येणारा वारा एवढेच. वाऱ्याने इतके दमवले की उतारावरही पॅडल मारावे लागत होते. पुढे शिशाच्या बंद पडलेल्या खाणींचे ढिगारे आणि पडक्या भिंती दिसल्या, तिथून आम्ही मागे फिरलो.

परतीच्या वाटेवर माझे मागचे चाक बसले. टायरच्या आतून बोट फिरवले तेव्हा पाटीच्या दगडाचा नखाएवढा तुकडा हाताला लागला. पाऊस भुरभुरत होता, बोटे गारठली होती आणि टायरची कड काही केल्या रिममध्ये बसेना. बाबा, तुम्ही अंगणात शिकवले होते तसे व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून अंगठ्यांनी रेटत आले, तेव्हा ती बसली. तेवढ्यात एक मेंढी येऊन माझ्या दशमीच्या डब्यात तोंड घालून गेली. आई, तिने चिक्की सोडली, दशमी खाल्ली.

शेवटचा चढ मी निम्मा सायकल हातात धरून चालत चढले, यात लपवण्यासारखे काही नाही. माथ्यावर तांबूस पाठीच्या, दुभंगलेल्या शेपटीच्या घारी अगदी डोक्यावरून फिरत होत्या. एकेकाळी साऱ्या ब्रिटनमध्ये या घारी जवळजवळ संपल्या होत्या आणि याच डोंगरांत थोड्या तग धरून राहिल्या होत्या. पुढे रेयाडरपर्यंत सलग उतार. वळणांआधी रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘आराव’ असे वेल्श भाषेत रंगवलेले असते. त्याचा अर्थ ‘सावकाश’. आई, मी सावकाशच उतरले. पंचावन्नच्या आसपास किलोमीटर झाले आणि उजेड असतानाच आम्ही गाडीपाशी पोहोचलो.

वरच्या धरणापर्यंत मोटारीचा चांगला रस्ता आहे आणि गाडी लावून भिंतीपर्यंत जाण्यास चार पावलेही पडत नाहीत. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी गुडघ्याचे कारण सांगू नये. तिकिटांचे मी पाहते.

तुमची,
धाकटी