शायलोच्या नकाशातला बाण

महोदय,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईवरचा लेख वाचला. सोबतच्या नकाशात टेनेसी नदीचा बाण दक्षिणेकडे दाखवला आहे. तिथे ती उत्तरेला वाहते. पस्तीस वर्षं भाऊचा धक्का ते मोरा लाँचवर सारंग होतो. पाण्याची दिशा चुकलेली दिसली की घास घशाखाली उतरत नाही.

दोन वर्षांपूर्वी नॅशव्हिलच्या लेकीकडे गेलो होतो, तेव्हा जावयाने ही लढाई झाली तिथला नदीचा धक्का, पिट्सबर्ग लँडिंग, दाखवला. (पोलादवाल्या शहराशी याचा संबंध नाही.) सरळसोट चढाचा काठ आणि खाली बोटी लागायची जागा, एवढंच. 6 एप्रिल 1862 ला सकाळी तोफा ऐकून उत्तरेच्या फौजेचा सेनापती ग्रँट नदीकाठच्या सव्हाना गावाहून 'टायग्रेस' बोटीने निघाला, तो या धक्क्याकडे नऊ मैल प्रवाहाविरुद्ध. आपल्या बाणाप्रमाणे तो आरामात वाहत आला असता.

लेखकाने उत्तरेच्या विजयाचं श्रेय ग्रँटच्या मदतीला आलेल्या सेनापती ब्यूएलच्या कुमकेला दिलं. कुमक आली हे खरंच, पण आली कुठून? पलीकडच्या काठावरून, बोटीत बसून. संध्याकाळपर्यंत दक्षिणेचा सेनापती जॉन्स्टन गुडघ्यामागची रक्तवाहिनी फुटून गेला होता, तरी त्याच्या फौजेने ग्रँटला पार काठापर्यंत रेटलं होतं. धक्क्यावर दरडीच्या आडोशाला पळपुटे शिपाई दडलेले. ग्रँटच्याच अंदाजाने चार-पाच हजार. ब्यूएलच्या हाताखालच्या नेल्सनच्या पलटणी उतरल्या त्या या घोळक्यात. लाँच नीट लागण्याआधीच आत घुसणारे, उतरणाऱ्याला वाट न देणारे मी गणपतीत दरवर्षी पाहिले आहेत. तिथे तर वरून गोळे येत होते.

तरीही धक्का सुटला नाही. 'टायलर' आणि 'लेक्सिंग्टन' या उत्तरेच्या तोफांच्या बोटींनी धक्क्याजवळच्या डिल ब्रँच ओढ्याच्या घळीत मारा केला. दक्षिणेच्या फौजेकडे या माऱ्याला प्रत्युत्तर द्यायला एकही बोट नव्हती. रात्रभर पावसात ठरावीक वेळाने गोळे पडत राहिले, तिकडे कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नसेल. इकडे माणसं उतरत होती. धक्का गेला असता तर ब्यूएलला पलीकडून बघत बसावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी दक्षिणेची फौज कोरिंथ गावाकडे हटली. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांवर माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली.

धक्क्याच्या वरच्या अंगाला दफनभूमी आहे. साडेतीन हजारांवर कबरी, त्यातल्या दोन-तृतीयांश अनामिकांच्या. नुसता चौकोनी दगड आणि त्यावर आकडा. लेक तिथेच रेंगाळली. मी खाली उतरलो आणि सवयीने पाण्यात एक काडी टाकली. नदीकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे उत्तर. काडी हळूहळू डावीकडे गेली.

पुढच्या अंकात बाण फिरवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सारंग, मोरा (उरण)